गाडीच्या पत्र्यातले आभाळ

गाडीचा फोटो मनासारखा आला नाही की दोष बहुधा कॅमेऱ्यावर जातो आणि नवा फोन, नवी लेन्स किंवा विकतचे प्रीसेट (एका क्लिकवर लागणारी तयार एडिटिंग सेटिंग्ज) यांचा शोध सुरू होतो. माझ्या मते कारण बहुतेक वेळा त्याहून साधे असते. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर चढवलेला पत्रा हा एक वाकलेला आरसाच असतो. त्यात समोरची भिंत, विजेचा खांब, शेजारची स्कूटर आणि फोटो काढणारी व्यक्ती हे सगळे दिसत असते. त्यामुळे गाडी कशी दिसते हे पाहण्याआधी गाडीत काय दिसते हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ती लागली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या आणि ट्यूबलाइटच्या गर्दीत, चांगली गाडीसुद्धा कळाहीन का दिसते हे आपोआप उमगते.

त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणे. टेकडीवरचा रुंद रस्ता किंवा रविवारी सकाळी रिकामे असलेले मोठे पार्किंग निवडावे, म्हणजे पत्र्यात आभाळाखेरीज फारसे काही उतरत नाही. सूर्य मावळल्यावर पश्चिमेचे आभाळ उजळ राहते. गाडीची एक बाजू त्याच्याकडे करून उभी केली तर बोनेटपासून डिकीपर्यंत उजेडाची एक सलग, हळूहळू मंदावत जाणारी पट्टी उमटते आणि डिझाइनरने पत्र्याला दिलेली प्रत्येक घडी वाचता येते. मात्र आपल्या अक्षांशावर हा संधिप्रकाश जेमतेम 20-25 मिनिटे टिकतो, म्हणून गाडी पुसणे, जागेवर लावणे आणि कोन ठरवणे ही कामे सूर्यास्तापूर्वीच उरकलेली असावीत. पावसाळ्यातले ढगाळ आभाळही मऊ उजेड देते, पण त्या दिवसांत छत आणि बोनेट पांढरेफटक पडतात. अशा वेळी कॅमेरा खाली आणून ते पृष्ठभाग चौकटीत कमीत कमी येतील असे पाहावे.

कॅमेरा खाली आणणे तसेही हितकारकच असते. उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी खुजी दिसते, तर हेडलॅम्पच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत ती रस्त्यावर ठाम उभी असल्यासारखी वाटते. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या लेन्सइतके रुंद दृश्य टिपतो, आणि त्याने गाडी चौकटभर घेण्यासाठी आपण इतके जवळ जातो की बंपर फुगतो आणि मागचा भाग आक्रसतो. हा लेन्सचा नव्हे, अंतराचा परिणाम आहे. चार पावले मागे जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरली की प्रमाण जागेवर येते. समोरून तिरक्या कोनातून फोटो घेताना स्टीअरिंग कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळवावे, म्हणजे टायरची नक्षी न दिसता अलॉय व्हील दिसते.

उरलेल्या प्रतिबिंबांसाठी पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावून फिरवायची खास काच, आहे, पण त्याच्याविषयी गैरसमज फार. काच आणि लॅकर यांवरून तिरका परावर्तित होणारा उजेड अंशतः ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावतात, आणि फिल्टर फिरवून तेवढाच अडवता येतो. त्याची किंमत म्हणून एक ते दोन स्टॉप उजेड गमवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे). गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या कोनात वळलेला असल्यामुळे समोरची काच स्वच्छ करणारी स्थिती दरवाज्यावर निरुपयोगी ठरू शकते. म्हणून अनुभवी मंडळी ट्रायपॉड न हलवता फिल्टरच्या वेगवेगळ्या स्थितींत अनेक फोटो घेतात आणि प्रत्येकातला चांगला भाग लेअर (एकावर एक ठेवलेले फोटो) व मास्क (फोटोचा हवा तेवढाच भाग निवडणारा पडदा) वापरून जोडतात. गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे जमते. टफन्ड काचांवर पोलरायझरमुळे कधीकधी डागांची जाळी उमटते, हेही लक्षात ठेवावे. क्रोमपुढे तर त्याचे फारसे चालत नाही. जुन्या प्रीमिअर पद्मिनीचा चकचकीत बंपर टिपायचा असेल तर फिल्टरवर विसंबून न राहता दूर जाऊन लांब लेन्स लावावी आणि आपण स्वतः त्या बंपरमध्ये दिसणार नाही असा कोन शोधावा.

एक्स्पोजरबाबत, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा याबाबत, थोडक्यात इतकेच, की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो. त्यामुळे चौकटभर पांढरी गाडी असेल तर ती मळकट येते आणि काळी गाडी धुरकट. पहिलीला साधारण दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावा, दुसरीला तितकाच कमी करावा, आणि फोटो शक्यतो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, घ्यावा.

एडिटिंगमध्ये हात सर्वांत आधी सॅच्युरेशनकडे, म्हणजे रंग गडद करण्याकडे, जातो, तो आवरावा. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल असा रंगांचा समतोल, पाहावा, कारण सावलीतली पांढरी गाडी निळसर दिसते आणि गवतावर उभी केलेली गाडी दरवाज्यांच्या खालच्या भागात हिरवट. हा दुसरा रंगदोष संपूर्ण फोटोवर उपाय करून जात नाही. तेवढ्या भागाला मास्क लावून तिथलाच हिरवा उतरवावा लागतो. बारीक तपशील उठावदार करणारा क्लॅरिटीचा स्लायडर टायर आणि ग्रिलवर शोभतो, पण बोनेटवर वापरला तर धुळीचा कण न् कण आणि कपड्याने पुसल्याचे गोल ओरखडे वर येतात. रस्त्यावरचे खडे, तेलाचे डाग, छतामागून उगवल्यासारखी दिसणारी तार हे सारे हीलिंगने, म्हणजे डाग पुसून तिथे आजूबाजूचा पोत भरणाऱ्या साधनाने, काढावे.

सध्या फोनमध्येही आभाळ बदलण्याची सोय मिळते आणि तिचा मोह मला समजतो, पण गाडीच्या फोटोत ही लबाडी लवकर पकडली जाते. मागे केशरी ढग आणि बोनेटमध्ये दुपारचे फिके निळे आभाळ, हा विसंवाद पाहणाऱ्याला शब्दांत सांगता आला नाही तरी खटकतोच. आभाळ बदलायचेच असेल तर बोनेट, छत, काचा आणि हेडलॅम्पच्या कव्हरपर्यंत तोच रंग योग्य त्या प्रमाणात उतरवावा लागतो, आणि त्या कामाला लागणाऱ्या वेळात खऱ्या संध्याकाळी गाडी घेऊन टेकडीवर जाऊन येता येते.