कधीच आंधळे न झालेले सहा विद्यार्थी

एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ पाठीच्या कण्यात साठत नाही. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी काही तासांतच शरीरातून निघून जाते आणि एक-दोन दिवसांत रक्तात काही उरत नाही. हे इतकं ठासून सांगतेय, कारण २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला आमच्या फार्मसी कॉलेजची मुलं फुटाळ्यावर जे फलक घेऊन गेली होती, त्यातल्या एकावर 'कण्यात कायमचं साठतं' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या फलकावर एलएसडीच्या नशेत गच्चीवरून उडणारा मुलगा रंगवलेला. हे कुठून घेतलं, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, सगळीकडे असंच सांगून राह्यले ना."

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ही वाक्यं अमेरिकेतली, साठच्या दशकातली आहेत. जानेवारी १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अंधकल्याण खात्याच्या प्रमुखानेच सांगितलं, की एलएसडी घेऊन सूर्याकडे टक लावून बसल्याने कॉलेजचे सहा विद्यार्थी आंधळे झाले. बातमी देशभर गेली. काही दिवसांतच गव्हर्नरला जाहीर करावं लागलं, की असे विद्यार्थीच नाहीत, सगळी कथा रचलेली आहे. खुलासा विरून गेला, कथा मात्र तेव्हापासून चालू आहे.

एलएसडीने गुणसूत्रं तुटतात, या दाव्याचं प्रकरण जास्त गंभीर, कारण त्यात खोटेपणा नव्हता. १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर एलएसडी टाकल्यावर गुणसूत्रं तुटलेली दिसली होती. लगेच विकृत बाळांची भीती पसरली. १९७१ मध्ये त्याच नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा छापून आला आणि शुद्ध एलएसडीने, मध्यम मात्रेत, गुणसूत्रांची हानी होत नाही असा निष्कर्ष निघाला. एव्हाना बंदीचा कायदा होऊन गेला होता.

मग बंदी नेमकी आली कशामुळे?

बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये हे रसायन बनवलं आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम स्वतःवर अनुभवला. त्यानंतर कंपनी ते 'डेलिसिड' नावाने संशोधक डॉक्टरांना पुरवत असे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी दारूच्या व्यसनावर ते वापरून पाहत होते. पहिला अडथळा आला तो थॅलिडोमाइडमुळे, हे वर्गात सांगितलं की मुलं चकित होतात. त्या औषधाने हातपाय नसलेली बाळं जन्मली आणि १९६२ मध्ये अमेरिकेने औषधकायदा कडक केला: नवं औषध गुणकारी आहे हे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करा. कायदा योग्यच होता. पण एलएसडीची अशी चाचणी घेणं फार अवघड. आपल्याला औषध मिळालं की साखरेची गोळी, हे रुग्णाला तासाभरात कळून चुकतं!

तेवढ्यात ते दवाखान्याबाहेर पडलं. हार्वर्डमधून १९६३ मध्ये काढलेले मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी तरुणांना ते घ्यायला जाहीरपणे सांगू लागले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी पिढी आणि हे रसायन लोकांच्या मनात एक झालं. घाबरलेली, भान हरपलेली मुलं रुग्णालयांत येत होती, हेही खरंच होतं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने बंदी घातली. १९७० च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने एलएसडी आणि सिलोसायबिन (काही मशरूममधलं तसंच रसायन) 'वैद्यकीय उपयोग नाही' या पहिल्या यादीत टाकलं. १९७१ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि आपला १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदाही त्याच वाटेने गेला.

अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सहकारी एर्लिकमन यांचं एक वाक्य व्हॉट्सअॅपवर सारखं फिरतं, 'बंदी राजकीय होती याची कबुली' म्हणून. ते वाक्य त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी छापून आलं आणि त्यात गांजा आणि हेरॉइनचा उल्लेख आहे, एलएसडीचा नाही. भीतीच्या बाजूने खोटं नको, तसं बंडाच्या बाजूनेही नको.

हे रस्त्यावर मोकळं मिळू नये, असंच मला वाटतं. पण संशोधनाचं दार कित्येक वर्षं जवळपास बंद राहिलं, त्याचा मला राग आहे. नैराश्याच्या ज्या रुग्णांवर एकही गोळी चालत नाही, त्यांचं यात नुकसान झालं. आपल्याकडे तर हेरॉइनची व्यावसायिक मात्रा २५० ग्रॅम आणि एलएसडीची ०.१ ग्रॅम, तिथून पुढे किमान १० वर्षं कैद. ज्या कागदावर ते थेंब टाकलेले असतात त्याचं वजन धरायचं की नाही, यावर न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आहेत. ही गोष्ट फलकावर लिहिली असती तर एखादं पोरगं खरंच थबकलं असतं.

आणि धोके आहेत. घरात स्किझोफ्रेनिया असेल तर मोठा धोका आहे. एलएसडी म्हणून विकलेल्या कागदावर एनबोम गटातलं रसायन असू शकतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. नवी अफवा उलट्या दिशेची आहे: मशरूमने नैराश्य एका दिवसात बरं होतं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून सिलोसायबिनला परवानगी दिली ती ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना आणि ज्यांच्यावर बाकीचे उपचार चालले नाहीत अशा रुग्णांपुरती.

आमचा एक जुना विद्यार्थी आता धंतोलीत मेडिकल स्टोअरमध्ये असतो. त्याचा फोन आला. "मॅडम, आमचे दादा लिथियमवर आहेत. कोणीतरी त्यांना हे घेऊन पाहा म्हणून राह्यलं." लिथियम हे मनोविकारावरचं औषध. मी म्हटलं, अजिबात नाही, लिथियमवर असताना एलएसडी किंवा सिलोसायबिन घेतलं तर झटके येऊ शकतात, आणि आपल्या मनाने लिथियम बंद करणं हा वेगळा धोका. दादांना घेऊन त्यांच्या डॉक्टरकडे जा, जे काही घेतलं असेल ते खरं सांगा. पोलिसांची भीती त्याने विचारलीच. एनडीपीएसच्या कलम ६४ए मध्ये, व्यसनात अडकलेला माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. रात्री-अपरात्री कोणी सापडत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.