इतवारीहून रामटेकला पायी

नागपूरच्या इतवारीतल्या जैन मंदिरजीतून पहाटे 4 वाजता निघालेला आमचा संघ कामठी ओलांडून कन्हानच्या पुलावर आला, तेव्हा उजाडले होते. रामटेकच्या तीर्थंकर शांतिनाथांपर्यंतची ही 50 किलोमीटरच्या आसपासची वाट आम्ही दोन दिवसांत चालतो.

पुलापलीकडे एका शेतातल्या विहिरीवर आत्याबाईंनी दुहेरी फडक्यातून पाणी गाळले. मग फडके उलटे धरून त्यावर गाळलेलेच पाणी ओतले आणि अडकलेले सूक्ष्म जीव बादलीने अलगद खाली नेऊन त्याच विहिरीत सोडले. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत.

आम्ही बघेरवाल या जैन ज्ञातीचे, आमचे पूर्वज मात्र आपल्या पाण्याकडे परतले नाहीत. ज्या बघेऱ्यावरून हे नाव आले, ते राजस्थानात केकडीजवळ आहे. ज्ञातीची 52 गोत्रे सांगतात. चित्तोडगडावरचा सुमारे 22 मीटर उंचीचा, पहिले तीर्थंकर आदिनाथ यांना वाहिलेला कीर्तिस्तंभ जीजा नावाच्या बघेरवाल श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, उभारलेला. त्याचा अभिमान आहेच, पण मला अधिक जवळचे वाटतात ते तेराव्या शतकातले जैन ग्रंथकार पंडित आशाधर. आपल्या ग्रंथांच्या प्रशस्तीत, म्हणजे शेवटच्या परिचयपर श्लोकांत, ते स्वतःला व्याघ्रेरवाल, म्हणजे बघेरवालच, म्हणवतात. शहाबुद्दीन घोरीने सपादलक्ष देश (अजमेर-सांभरकडचा प्रदेश) व्यापल्यावर मांडलगड सोडून, मोठ्या परिवारासह ते माळव्यात धारेला आले, तिथे महावीर नावाच्या पंडितांकडे शिकले, आणि नंतर नालछ्यात राहून त्यांनी ग्रंथरचना केली. संवत 1296 मध्ये त्यांनी सागारधर्मामृत या गृहस्थधर्मावरच्या स्वतःच्याच ग्रंथावरची टीका पूर्ण केली. गाळून उरलेले पाणी मूळ जलाशयाऐवजी दुसरीकडे टाकणे हा पाणी गाळण्याच्या व्रतातला दोष, असे त्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. घरदार सोडून आलेल्या माणसाने फडक्यावरच्या जिवांच्या मूळ ठिकाणाची एवढी काळजी वाहावी, हे त्या विहिरीच्या काठावर मला फार खोलवर जाणवले.

विदर्भात आमची घरे वाढली ती मुख्यतः कारंज्याभोवती, जिथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर जैन परंपरांच्या भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या, गाद्या होत्या.

मनसरला तळपायाला फोड आले. दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता आम्ही रामटेकला पोहोचलो. शांतिनाथांची ती भव्य खड्गासन, म्हणजे उभी, मूर्ती नजरेत मावेपर्यंत मागे सरावे लागते. दर्शनानंतर धर्मशाळेच्या वहीत नाव-गाव लिहायचे होते. मी नागपूर लिहिले. लग्न होऊन आल्यापासून सारा संसार इतवारीतच केलेल्या आत्याबाईंनी आपल्या नावापुढे, सावकाश, कारंजा लिहिले.