छोट्या तळ्यात जिताडा सोडायचा असेल तर

कटला-रोहूचा कंटाळा आला की लोक मरळ, रूपचंद, जिताडा अशी नावं काढतात. थाई मागूर कुणी कितीही स्वस्त देऊ करो, घेऊ नका. तो पाळायला देशात बंदी आहे. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगते. पण पावसाच्या रात्री बांधावरून सरपटत निघून जाते. बांधावर सगळीकडून जाळी लावायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जा.

अलिबाग-पेणकडे गोड्या पाण्याच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. मासा खाडीचा, पण गोड्या पाण्यात छान वाढतो आणि तिथे वीण घालत नाही. म्हणजे जेवढी पिल्लं सोडाल त्याहून एकही जास्त होणार नाही.

२० × १० मीटरचं, दीड मीटर पाण्याचं तळं धरू. आधी पाणी अर्ध्या मीटरवर आणा आणि मोहाची पेंड २५ किलो भिजवून सगळीकडे पसरा. जुने मासे मरतात, ते काढून टाका. पेंडीचं विष उतरायला तीन आठवडे द्या, मग तळं भरा. चिलापी (तिलापिया मासा) आधीपासून असेल तर पेंड टाकण्यापूर्वी थोडे नर-माद्या बाजूला काढून ठेवा आणि विष उतरल्यावर परत सोडा. त्यांची पिल्लं हे जिताड्याचं खाणं. दीड-दोन महिन्यांत ती दिसू लागली की जिताडा सोडायची वेळ झाली.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, १० सेंटिमीटरच्या पुढचीच घ्या, ६० पुरे. पैसे वाचवायला दोन-तीन सेंटिमीटरची घेतलीत तर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवून दर चार-पाच दिवसांनी लहान-मोठी वेगळी करावी लागतात, कारण दीडपट लांबीचा भाऊ धाकट्याला सबंध गिळतो. ‘बीज (सोडायची पिल्लं) मेलं’ म्हणून तक्रार होते तेव्हा ते बहुधा मेलेलं नसतं, खाल्लेलं असतं. बीज खाऱ्या टाकीतलं असेल तर क्षारता किती पीपीटी (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) आहे ते विचारा आणि रोज पाचने उतरवत गोड्यावर आणा. थेट ओतू नका.

आता खाणं. खरी मेख इथेच आहे. एक किलो जिताडा तयार व्हायला पाच-सात किलो छोटी मासळी लागते. साठातले काही गेले तरी ४५ किलो माल धरा. त्याला पावणेतीनशे किलो मासळी झाली! चिलापीची पिल्लं एवढी पुरत नाहीत. वरून कुटी (छोट्या मासळीचे तुकडे) किंवा ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनांचं तरंगतं खाद्य द्यावंच लागतं. जिताडा पाण्यातून खाली जाणारा घास झेलतो. तळाला टेकलेल्या घासाला सहसा तोंड लावत नाही. टोपलीभर कुटी एकदम ओतली की अर्धी कुजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर तोंड काढतात. रोज एकाच कोपऱ्यात, पाण्यावर थोपटून, मूठ-मूठ टाका. पृष्ठभागावरची खळबळ थांबली की तुम्हीही थांबा.

पहाटे मासे वर आलेच तर त्या दिवशी खाणं बंद, आणि पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून फवारा. जिताडा चिलापीच्या आधी मरतो, म्हणून चिलापी ठीक दिसते यावर विसंबू नका. एप्रिल-मेमध्ये एक मीटर पाणी टिकत नसेल तर मार्चमध्येच काढणी उरका.

सालाभरात पाऊण ते एक किलोचा मासा मिळतो. मोजकेच हवे असतील तर गळाला जिवंत चिलापी लावा. सगळे काढायचे तर तळं उपसा.