कवडीची चकाकी एकदा गेली की गेली

दोन कवड्या शेजारी ठेवून बघा. एकीच्या पाठीवर नारिंगी कडं, अंग गुळगुळीत. दुसरी पिवळसर, कडेला गाठी आलेली, वरून जरा षट्कोनीच दिसते. कडंवालीचं शास्त्रीय नाव मोनेटारिया अ‍ॅन्युलस. गाठीवालीचं मोनेटारिया मोनेटा. मालदीवहून जहाजं भरभरून चलन म्हणून गेली ती ही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली तिचं नाव ठेवलं, तेही पैशावरूनच. किनाऱ्यावर घासून कडं पुसट झालं असेल तर रंगावर जाऊ नका, गाठी चाचपा.

लांबी साधारण 2 ते 3 सेंटीमीटर. पण आकारावरून वय सांगू नये. पिल्लू असताना शिंपला पातळ, तोंड रुंद, टोकाला पीळ दिसतो. मग ओठ आत वळतो, त्यावर दात येतात आणि लांबी वाढायची थांबते. पुढे वाढते ती फक्त जाडी. त्यामुळे लहानशी पण जड कवडी हलक्या, मोठ्या कवडीपेक्षा म्हातारी असू शकते.

चकाकी येते प्रावारामुळे. पोटाच्या फटीतून दोन्ही बाजूंनी हे मांसल पदर वर येतात, पाठीवर एकमेकांना भिडतात आणि थरावर थर चढवतात. शिंपला झाकलेला असल्याने त्यावर शेवाळही धरत नाही. कवडीतली समुद्री गोगलगाय मेली की हे काम बंद. नंतर कितीही घासा, तेल लावा, ती झिलई परत येत नाही.

म्हणून साफ करताना व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल नको. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. बुडबुडे येतात ते त्याचेच. उकळूही नका, अचानक तापल्याने वरच्या थराला बारीक तडे जातात. आत मेलेलं मांस अडकलं असेल तर फट खाली करून कोरड्या वाळूत पुरा, म्हणजे कुजलेलं पाणी पाठीवर ओघळून डाग पडत नाहीत. मग साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच.

जिवंत कवडी मात्र उचलूच नये. प्रवाळातला दगड उलटला असेल तर होता तसा परत ठेवा. खाली मादी अंड्यांवर बसलेली असू शकते.

संग्रह ओक लाकडाच्या कपाटात ठेवला, तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते. पुष्कळजण तिला बुरशी समजून नुसती पुसतात आणि कवडी परत त्याच खणात ठेवतात. ती धुऊन, पूर्ण वाळवून काचेच्या बरणीत ठेवा.