लेसच्या हातांसाठी क्रोशाचा गावठी कुत्रा

गोव्यात क्रोशा येणाऱ्यांची वाण नाही. टेबलावरचा रुमाल, अभ्र्याची कड, देवघरातलं आसन, चर्चमधल्या आल्तारावरच्या कापडाची लेस, असं काही ना काही सुईखालून गेलेलं असतं. त्यामुळे क्रोशाचं खेळणं करायचं म्हटलं की वाटतं, यात नवीन काय शिकायचं? पण नेमका लेस चांगली विणणाऱ्यांचाच पहिला कुत्रा बिघडतो. लेसमध्ये भोक हीच नक्षी. खेळण्यात भोक पडलं की आतला कापूस बाहेर डोकावतो. सैल, हलका हात लेसला शोभतो आणि खेळण्याला नडतो. म्हणून या कृतीत टाक्यांच्या हिशेबाइतकंच हाताच्या सवयींबद्दल लिहिलं आहे.

कुत्रा मुद्दाम गावठी घेतला आहे. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक कृती लोंबत्या कानांच्या विलायती पिल्लांच्या असतात. आपल्याकडे बाजारात दुकानाच्या पायरीवर पसरलेला असतो तो तांबूस, लांबट थूथनाचा, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा. बसलेल्या कुत्र्याची उंची साधारण १० सेंमी होईल.

सामान थोडंच लागतं. तांबूस किंवा फिकट तपकिरी धाग्याचा ५० ग्रॅमचा एक गोळा पुरून उरतो. शिवाय थूथनासाठी थोडा गडद तपकिरी, पंजांसाठी थोडा पांढरा आणि नाकासाठी वीतभर काळा. थूथन काळं करायचा मोह होईल, पण काळ्या धाग्यात टाके दिसत नाहीत, आणि पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारी तर मुळीच नाहीत. गडद तपकिरी लांबून तेवढाच काळा भासतो. धागा अ‍ॅक्रिलिक लोकर किंवा मिल्क कॉटन या नावाने मिळणारा मऊ धागा, मध्यम जाडीचा. लेसचा बारीक दोरा इथे उपयोगाचा नाही. त्याने कुत्रा होतो, पण अंगठ्याएवढा.

सुई २.५ मिमीची. लोकरीच्या लेबलवर ३.५ किंवा ४ मिमी लिहिलेलं असेल, तिकडे दुर्लक्ष करा. तो आकडा स्वेटर-शालींसाठी असतो. खेळण्याला नेहमी लेबलवरच्या आकड्याहून दोन-तीन आकार लहान सुई घ्यायची. हात फारच सैल असेल तर २.२५. दमट हवेत घामेजल्या बोटांनी अ‍ॅक्रिलिक सुईला चिकटून चरचरतं. अशा वेळी सुई बदलू नका, हात धुऊन कोरडे करा आणि पंख्याखाली बसा.

भरायला रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, साधारण २० ग्रॅम. सावरीचा कापूस घरात असला तरी वापरू नका. तो दबून बसतो आणि ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात. कुत्रा नीट बसावा म्हणून बुडाशी तांदूळ किंवा मूग घालण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. कोकणपट्टीच्या हवेत तसलं काही करायचं नाही. एका पावसाळ्यात दाण्याला टोके लागतात, आणि खेळणं उसवल्याशिवाय ते काढता येत नाहीत. या कुत्र्याचं बूड मुळातच सपाट आहे, त्याला वजनाची गरज नाही.

फेरीची खूण म्हणून सेफ्टी पिन लावायची सवय असेल तर तीही सोडा. काम आठ दिवस पिशवीत पडलं तर खाऱ्या दमट हवेत पिन गंजते, आणि फिकट धाग्यावरचा गंजाचा डाग धुऊन जात नाही. वेगळ्या रंगाच्या धाग्याचा बोटभर तुकडा टाक्यात अडकवला की काम भागतं.

संपूर्ण कुत्रा मुक्या खांबाचा आहे. पुढे नुसतं ‘खांब’ लिहिलं असेल तिथेही मुका खांबच समजा. सुई टाक्यात घालायची, धागा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा. अमेरिकी कृतीत याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश कृतीत यालाच डबल क्रोशे. जुन्या ब्रिटिश पुस्तकांवरून शिकलेल्यांनी नेटवरची कृती कुठली आहे ते आधी पाहून घ्यावं, नाहीतर कुत्र्याचा जिराफ होतो.

टाक्यातून धागा ओढताना तो सुईवरून घेतला तर टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. सुई धाग्याच्या वरून नेऊन धागा खालून उचलला तर टाका फुलीसारखा दिसतो, लहान आणि घट्ट बसतो. सैल हाताच्या माणसाने दुसरी रीत धरावी. धागा न खेचता टाके आवळले जातात आणि मनगटही दुखत नाही. मात्र एक रीत धरली की शेवटपर्यंत तीच. डोकं एका रीतीने आणि अंग दुसऱ्या रीतीने विणलं तर दोघांचे आकार जुळत नाहीत.

सवयीची दुसरी गोष्ट. रुमाल विणताना प्रत्येक फेरी जोडून, साखळी घालून वर चढतो. इथे फेरी जोडायची नाही, गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल चढत जायचं. म्हणून खुणेचा धागा हवाच, कारण फेरी कुठे संपली ते नजरेला कळत नाही. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावरचे दोन्ही पदर उचलायचे. पुढचा एकच पदर उचलला तर आडव्या रेघा उठतात आणि वीण ताणली जाते.

वाढ म्हणजे एका टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक, पण लेसमध्ये करतात तशी नव्हे. तशी केली की तिथे गाठ आणि शेजारी भोक दिसतं. सुई पहिल्या टाक्याच्या फक्त पुढच्या पदरात घाला, लगेच दुसऱ्याच्या पुढच्या पदरात, मग धागा घेऊन दोन्ही पदरांतून काढा आणि मुका खांब पुरा करा. घट कुठे झाली ते शोधावं लागतं.

डोक्याची सुरुवात साखळ्यांच्या कड्याने नको, त्यात मधे भोक राहतं. बोटाभोवती धाग्याचा सैल वळसा घ्या, त्यात ६ मुके खांब विणा आणि टोक ओढून वळसा घट्ट मिटवा. यालाच मॅजिक रिंग म्हणतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, १२ (शेवटचा आकडा म्हणजे फेरीतले एकूण टाके). तिसरी: १ खांब, १ वाढ, असं सहा वेळा, १८. चौथी: १ खांब, १ वाढ, १ खांब, सहा वेळा, २४. पाचवी: ३ खांब, १ वाढ, सहा वेळा, ३०. सहावी: २ खांब, १ वाढ, २ खांब, सहा वेळा, ३६. चौथ्या आणि सहाव्या फेरीत वाढ मधे सरकवली आहे ती उगाच नव्हे. वाढीवर वाढ येत गेली की गोलाला सहा कोपरे फुटतात, आणि कुत्र्याच्या टाळक्यावर ते स्पष्ट दिसतात. सातवी ते बारावी सरळ, म्हणजे प्रत्येक टाक्यात एक खांब, ३६. तेरावी: ४ खांब, १ घट, सहा वेळा, ३०. चौदावी: ३ खांब, १ घट, २४. पंधरावी: २ खांब, १ घट, १८. इथे धागा कापा. भोक मिटवायचं नाही, हीच मान.

विणताना वीण आपोआप उलटी वळते आणि लेसमध्ये सुलट-उलट फारसं जाणवत नसल्याने ते ध्यानात येत नाही. पाहा: बाहेर सुबक फुल्या किंवा व्ही दिसले पाहिजेत. आडवे छोटे डॅश दिसत असतील तर वाटी उलटी करा. उजव्या हाताने विणताना सुई बाहेरच्या बाजूने आत जाते आणि काम घड्याळाच्या उलट दिशेने सरकतं, तेव्हा बाजू बरोबर.

अंग बुडापासून सुरू होतं. पहिल्या पाच फेऱ्या डोक्यासारख्याच, ३० पर्यंत. सहा ते नऊ सरळ ३०. दहावी: ३ खांब, १ घट, २४. अकरा-बारा सरळ. तेरावी: २ खांब, १ घट, १८. चौदावी सरळ. शेवटी हातभर धागा सोडून कापा, त्यानेच डोकं शिवायचं आहे.

पुढचे पाय दोन: पांढऱ्याने ६, मग १ खांब आणि १ वाढ तीन वेळा, ९, आणखी एक फेरी ९. मग तांबूस धाग्याने सात फेऱ्या ९. रंग बदलताना पांढऱ्या शेवटच्या टाक्याचे दोन फास सुईवर असतानाच नवा धागा घ्यायचा. टाका पुरा करून बदलला तर अर्धा टाका चुकीच्या रंगाचा राहतो. पायात रेक्रॉन फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शात. वरपर्यंत ठासलं तर पाय समोर काठीसारखे उभे राहतात.

मागचे पाय आखूड: ६, १२, सरळ १२, मग २ खांब आणि १ घट तीन वेळा, ९, आणखी दोन फेऱ्या सरळ. पहिल्या दोन फेऱ्या पांढऱ्या.

थूथन गडद धाग्याने: ६, १२, मग ३ खांब आणि १ वाढ तीन वेळा, १५, एक फेरी सरळ, मग ४ खांब आणि १ वाढ तीन वेळा, १८, एक फेरी सरळ. दोन वाढींच्या मधे सरळ फेरी ठेवल्याने ते निमुळतं होतं. सगळ्या वाढी सुरुवातीला उरकल्या की चपटं, अस्वलासारखं होतं.

कान दोन: कड्यात ४, मग १ खांब आणि १ वाढ दोन वेळा, ६. पुढे १ खांब, १ वाढ तीन वेळा, ९. मग २ खांब, १ वाढ तीन वेळा, १२, आणि दोन फेऱ्या सरळ. काही भरायचं नाही. चपटा करून उघडी कड दोन्ही थरांतून ६ मुक्या खांबांनी मिटवा.

शेपटीला नळी विणत बसू नका. १३ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून पुढच्या ८ साखळ्यांत प्रत्येकी दोन मुके खांब, उरलेल्या ४ त एकेक. जागा कमी आणि टाके जास्त असल्यामुळे टोक आपसूक वळतं, बुंधा सरळ राहतो. लेसच्या झालरीत हेच चालतं.

इथपर्यंत अस्वल, मांजर, कुत्रा यांत फारसा फरक नाही. कुत्रा होतो तो जोडणीत, म्हणून वेळ राखून ठेवायचा तो इथे.

डोळे ६ मिमीचे सेफ्टी आय, म्हणजे मागून चकती लावून बसवायचे प्लास्टिकचे डोळे. बाजारात शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात नसतील तर ऑनलाइन मिळतात. आठव्या आणि नवव्या फेरीच्या मधे, एकमेकांपासून ७ टाक्यांवर. मागची चकती एकदा बसली की निघत नाही, म्हणून आधी नुसते खोचून लांबून पाहा. मुक्या खांबाच्या फेऱ्या किंचित तिरक्या चढतात, त्यामुळे टाके मोजून बसवलेले डोळेही एखाद्या टाक्याने वाकडे दिसू शकतात. शेवटचा शब्द नजरेचा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी खेळणं असेल तर प्लास्टिकचे डोळे नकोतच, काळ्या धाग्याने भरून काढा.

मग डोकं भरा. रेक्रॉनचा गोळा तसाच कोंबला तर डोक्याला टेंगळं येतात. पिंजून, थोडं थोडं, आधी कडांना आणि मग मधे. किती भरायचं? दाबून सोडल्यावर लगेच फुगलं पाहिजे, पण टाक्यांमधून पांढरं दिसता कामा नये. दिसत असेल तर भरण जास्त झालंय किंवा वीण सैल आहे. दुसरं असेल तर उसवून लहान सुईने विणणं हाच इलाज, बाकी सगळी मलमपट्टी.

थूथनात थोडं रेक्रॉन घालून वरची कड नवव्या फेरीला आणि खालची चौदाव्याला टेकवा, चारी बाजूंनी टाचण्या लावा, मगच शिवा. लावलेल्या टाचण्या मोजा आणि काढताना पुन्हा मोजा. नाक टोकाच्या पहिल्या दोन फेऱ्यांवर, काळ्या धाग्याचे चार-पाच आडवे टाके, वर रुंद, खाली अरुंद.

कानांचं मर्म बुडाच्या वळणात आहे. सरळ रेषेत शिवलेला कान लोंबतो. बूड किंचित कमानीत वाकवून, पोकळी पुढे ठेवून, तिसऱ्या ते सातव्या फेरीत तिरकं शिवलं तर तो उभा राहतो. लेसला खळ देऊन ताठ करण्याची सवय इथे कामाची नाही. दमट हवेत खळ मऊ पडते आणि तिला बुरशी धरते. दोन्ही कान उभे झाले की एकाचं टोक पुढे दुमडून एकच टाका घाला. विलायती कुत्रा तिथेच गावठी होतो.

अंग भरताना बुडाशी हात आवरा. जास्त भरलं की सपाट तळ फुगतो आणि कुत्रा मागे कलंडतो. मान मात्र गच्च हवी. डोक्याचे १८ आणि अंगाचे १८ टाके एकास एक शिवत या, शेवटचे चार-पाच उरले की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मानेत आणखी रेक्रॉन दाबा, मग मिटवा. मान डुलते ती जवळजवळ नेहमी इथली कसर राहिल्यामुळे.

पुढचे पाय बाराव्या फेरीला, मधे दोन टाके सोडून, पंजे जमिनीला टेकतील असे. मागचे पाय चौथ्या ते सातव्या फेरीत, पुढे तोंड करून. शेपटी पाठीमागे सहाव्या फेरीवर, वळण वर. कुत्रा मागे कलतच असेल तर ती एक फेरी खाली घ्या, टेकू मिळतो.

धाग्यांची टोकं जाड सुईने अंगातून आरपार काढून, जरा ताणून कापा, ती आपसूक आत जातात. धुवायचा झाला तर कोमट पाण्यात हाताने, न पिळता टॉवेलात दाबून. ऑक्टोबरनंतर बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) सावलीत वाळतो. जून ते सप्टेंबरमध्ये पंख्याखालीच ठेवावा लागेल, आणि आतलं भरण वाळल्याची खात्री होईपर्यंत कपाटात नको. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, धागा वितळून चपटा होतो.