नोव्हाला टर्बो लावला, आणि ॲव्हरेजही वाढलं

मिशिगनमध्ये जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली आडवे व्हा. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खालचा पत्रा खाऊन टाकतं. म्हणून माझी १९७० ची शेव्हरोले नोव्हा मी ॲरिझोनाहून आणली. उन्हाने रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, पण पत्रा ठणठणीत. नामांकित ‘एसएस’ (जास्त ताकदीची आवृत्ती) नव्हे, साधीच. ३०७ घनइंचाचं व्ही-८ आणि दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. खरी एसएस कापायला माझा हात धजावला नसता, आणि तिची किंमत तर झेपलीच नसती.

मला ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्टीवर, पाव मैल १२ सेकंदांच्या आत हवा होता आणि हायवेवर गॅलनला २० मैलांच्या वर. मित्र म्हणाले, दोन्हींतलं एक निवड. ‘टर्बो म्हणजे पेट्रोल पिणारच’ हे तर सगळे छातीठोकपणे सांगतात. पण हिशोब करून बघा. ताशी ७० मैलांनी सरळ रस्त्यावर अशा खोकेवजा गाडीला तीस-पस्तीस हॉर्सपॉवर पुरते. उरलेली ताकद फक्त ओव्हरटेक करताना आणि ड्रॅग स्ट्रिपवर लागते. मग ती सदासर्वकाळ मोठ्या इंजिनाच्या रूपात कशाला वागवायची? लहान इंजिन ठेवावं आणि गरज पडेल तेव्हाच टर्बोने, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने, त्यात जास्त हवा कोंबावी.

कल्पना काही माझी नाही. ओल्ड्समोबिलने १९६२ मध्येच ‘जेटफायर’ काढली होती, २१५ घनइंचाच्या व्ही-८ वर टर्बो लावून. तेव्हा ना कॉम्प्युटर, ना नॉक सेन्सर. इंजिन ठोकू नये (मिश्रण अवेळी पेटून दणके बसू नयेत) म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडायचे. मालक ती टाकी भरायला विसरायचे, आणि शेवटी डीलरकडे कित्येक गाड्यांचे टर्बो काढूनच टाकले गेले. विचार बरोबर होता, फक्त त्याला सांभाळणारा मेंदू नव्हता.

माझं इंजिन जंकयार्डातून आलं. सिल्वराडो ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८, बिडाचा ब्लॉक. १९९९ नंतरच्या ट्रकांमध्ये जनरल मोटर्सने ही इंजिनं एवढी घातली की इथे ती भंगारात सहज मिळतात. बोअर ९६ मिलिमीटर, स्ट्रोक ९२. आतलं जवळजवळ काहीच बदललं नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या.

हे रिंगांचं काम मात्र सोडून चालत नाही. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, रिंग जास्त तापते आणि फुगते. तिच्या दोन टोकांमध्ये जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळते आणि पिस्टनचा काठच तुटतो. बोअरच्या प्रत्येक इंचामागे सहा हजारांश इंच असा साधारण नियम आहे, म्हणजे माझ्या ३.७८ इंचांना जवळपास २३ हजारांश. हाताने फिरवायच्या छोट्या ग्राइंडरवर रिंग धरायची, दोन फेरे मारायचे, टोकाची धार दगडाने मोडायची, बोअरमध्ये रिंग सरळ बसवायची, फीलर गेज घालून बघायचं. पुन्हा काढायची. पुन्हा दोन फेरे. बाहेर बर्फ, गॅरेजमध्ये हीटर, आणि बोटांवर लोखंडाची काळी पूड. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलो, त्यामुळे असल्या कामाचा मला कंटाळा येत नाही.

जोडणीत विशेष काही सांगण्यासारखं नाही. ट्रकचेच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उलटे करून तोंडं पुढे घेतली आणि रेडिएटरच्या मागे बोर्गवॉर्नरचा टर्बो बसवला. टर्बोतून तेल परत येणारी नळी मात्र जाड हवी आणि उतारावरच हवी, कारण ते तेल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. जवळून जाणाऱ्या वायरी आणि ब्रेकच्या नळ्या उष्णतारोधक कापडात गुंडाळल्या. टर्बोचा अंगार जवळून बघितल्याशिवाय त्याचं महत्त्व कळत नाही.

ॲव्हरेजची खरी मेख आहे गिअरबॉक्सात. जुन्या पॉवरग्लाइडला ३.०८ रेशोच्या एक्सलवर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे) ताशी ७० मैलांना २८०० च्या आसपास आरपीएम लागायचे, वर कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाची) घसरण वेगळीच. मी चार गिअरांचा ४एल८०ई ऑटोमॅटिक बसवला. अंगाने दांडगा आहे, जमिनीच्या मधल्या उंचवट्याचा पत्रा हातोड्याने ठोकून, कापून त्याला जागा करावी लागली. पण त्याचा चौथा गिअर ०.७५ चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, आहे आणि कन्व्हर्टर लॉक होतो. त्याच वेगाला आता साधारण २१०० आरपीएम. एक्सल मजबूत घेतला, रेशो तोच ठेवला. ‘४.१० टाक, सुटताना मजा येते’ असं सुचवणारे भेटले. सुटायला माझ्याकडे बूस्ट आहे, असं मी त्यांना सांगायचो.

मग ट्यूनिंग. आय-९६ वर लॅन्सिंगच्या दिशेने बायको गाडी चालवायची आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. ८ पीएसआय बूस्टला स्पार्क पिस्टन वर पोचण्याच्या १५ अंश आधी आणि मिश्रण ११.५ भाग हवेला एक भाग पेट्रोल, असं भरपूर पेट्रोलचं. तिथे काटकसर केली तर इंजिनच जाईल. पण नुसतं क्रूझ करताना टर्बो निवांत फिरत असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. तिथे स्पार्क ३८ अंशांपर्यंत नेला आणि मिश्रण हळूहळू पातळ करत गेलो, १४.७, १५, १५.५. १६ ला बायको म्हणाली, “अरे, गाडी गचके देतेय.” माझ्या आलेखात तोवर काहीच दिसत नव्हतं. परत १५.५ वर आलो आणि तिथेच थांबलो.

एकाच पंपावर टाकी भरून, अंतर जीपीएसवर मोजून हायवेला गॅलनमागे २२ मैल मिळतात. जुनं इंजिन १४ द्यायचं. गावात फारसा फरक नाही. टर्बो लावून ॲव्हरेज वाढलं असं म्हणणं खोटं ठरेल. ते वाढलं ओव्हरड्राइव्हमुळे, लॉक होणाऱ्या कन्व्हर्टरमुळे आणि फ्युएल इंजेक्शनमुळे. टर्बोने एवढंच केलं की ताकदीसाठी मोठं इंजिन घालावं लागलं नाही. ई-८५ (मुख्यतः इथेनॉल असलेलं इंधन) टाकलं तर बूस्ट बराच वाढवता येईल, पण त्यात उष्मांक कमी, ॲव्हरेज लगेच खाली येतं. म्हणून ९३ ऑक्टेनवरच आहे.

आण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, चाकांवर पाचशेच्या जवळपास घोडे आणि लिटरला सव्वानऊच्या वर किलोमीटर. ते म्हणाले, “मग आमच्या ॲम्बॅसिडरनं काय पाप केलं होतं रे?”

मायलन ड्रॅगवेला ती ११.७ सेकंदांत गेली. अजून बूस्ट आहे, ग्रिपही मिळवता येईल. पण ११.४९ किंवा त्याहून कमी वेळ निघाला की नियमाने अशा जुन्या गाडीत रोल बार (गाडी उलटली तर माणसं वाचवणारी लोखंडी कमान) घालावा लागतो. तो मागच्या सीटच्या जागेतून जातो, आणि मागच्या सीटवर पोरं बसतात. तेव्हा बूस्ट ८ वरच आहे.