तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट पास झाली तरी मी मशीनला अनस्टेबल का म्हणते?

"ताई, रात्रभर टेस्ट चालवली, पास झाली. गेम चालतात. मग अजून अनस्टेबल कसं म्हणता?" ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापलीकडे पळवणाऱ्या, इतक्या जणांनी हा प्रश्न मला विचारलाय की हल्ली उत्तर देताना आवाज चढतो, आणि समोरच्याला वाटतं मी त्याच्या मेहनतीवर पाणी ओततेय. तसं नाहीये. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

टेस्ट पास झाली म्हणजे त्या प्रोग्रामला, त्या लोडवर, खोलीच्या त्या तापमानात चूक सापडली नाही. त्याहून जास्त काही सिद्ध झालेलं नाही. प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी ही टेस्ट लावलीत तर सगळं गणित जवळजवळ प्रोसेसरच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या मेमरीतच फिरतं, रॅमला फारसं कामच पडत नाही. तीच टेस्ट चालवून "रॅमपण ओके आहे" असं सांगणारे मला दर महिन्याला भेटतात.

दुसरं म्हणजे, प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे गणित करणारे वेगवेगळे भाग, एकदम राबत असतात तेव्हा प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. खरा वरचा बूस्ट, म्हणजे सगळ्यात जास्त वेग, लागतो तो हलक्या कामाला, एखाद्याच कोअरवर. एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरांमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सरसकट उणे ३० ठेवणाऱ्यांचं मशीन रात्रभर प्राइम९५ झेलतं आणि सकाळी ब्राउझर उघडताना रिस्टार्ट होतं, ते यामुळेच. वरच्या वेगाला जेवढं व्होल्टेज हवं, तेवढं नेमकं आपण कापलेलं असतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या वहीत, व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १८ नंबरची नोंद असते, कुठला कोअर तेसुद्धा तिथे असतं. ती कोणी बघत नाही. पॉवर सप्लाय बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, लाइटला दोष देतात. कोअरसायकलर हा प्रोग्राम लावा, एकेक कोअर तपासा, जो पडेल त्याचाच उणे आकडा शून्याकडे आणा.

पण हे सोपं दुखणं. मशीन पडतं, म्हणजे निदान बोलतं तरी. मला भीती वाटते ती न पडणाऱ्या मशीनची.

माझा मामेभाऊ नागपुरात लग्नांचे फोटो काढतो. दिवाळीनंतर त्याने नवीन मशीन जोडलं. रायझन ७ ५८००एक्स, रॅमच्या १६ जीबीच्या चार ड्युअल रँक (चिपचे दोन गट असलेल्या) स्टिक, त्याही दोन-दोनच्या दोन वेगळ्या पाकिटांतल्या. पाकिटावर वेग ३६०० आणि १.३५ व्होल्ट लिहिलेलं. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगावर नेणारी सेटिंग, चालू केलं, टेस्ट लावली, पास. मी तेव्हाच म्हटलं होतं की पाकिटावरचा आकडा दोन स्टिकचा असतो. दोन पाकिटं एकत्र कोणी तपासून दिलेली नसतात. आणि एएमडी स्वतः अशा चार स्टिकना २६६७च्या वर हमी देत नाही. तो म्हणाला, "ताई, गेम तं मस्त चालून राहिला ना."

खरंच मस्त चालला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मग एप्रिल-मे आला, सीझन. गच्चीखालची खोली, बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलर नुसती दमट हवा फेकतोय. मशीन एकदाही पडलं नाही. कार्डावरून फोटो कॉपी करायचे, वरवर चाळायचे, कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला निघायचं. सीझनमध्ये सगळे असंच करतात, त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

जूनमध्ये अल्बमला बसला तेव्हा दिसलं. काही फोटो वरून नीट, आणि मध्येच एका ओळीपासून खाली सगळं जांभळं झालेलं. काहींत खालचा अर्धा भाग नुसता राखाडी. एकाच लग्नातले नाहीत, वेगवेगळ्या लग्नांतले, मधूनमधून. एका सप्तपदीतली तर सलग तीन पावलं गेलेली. तो मुलीच्या वडिलांकडे स्वतः गेला, दाखवलं, उरलेले पैसे घेतले नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही म्हणे. फक्त विचारलं, "दुसरीकडे कुठे कॉपी असेल ना?" हे मला सांगताना त्याला पुढे बोलता येईना.

आधी कार्डावर संशय गेला, मग कार्ड रीडरवर, मग हार्ड डिस्कवर. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, स्वच्छ होता. मी त्याला म्हटलं, एक मोठी व्हिडिओ फाइल घे, विंडोजच्या सर्टयुटिलने तिचा हॅश (फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढ, लिहून ठेव, परत काढ. फाइलला हात लावायचा नाही. सकाळी दर वेळी तोच हॅश आला. दुपारी दोनला वेगळा आला. पुन्हा काढला, तर परत मूळचा. डिस्कवरची फाइल बदलत नव्हती. वाचून रॅममध्ये आणताना मध्येच एखादा बिट उलटत होता. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्री लावलं तर शून्य एरर, भर दुपारी लावलं की लाल ओळी. एक्सएमपी बंद केल्यावर दुपारीही शून्य.

रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत त्याला पुन्हा भरावं लागतं. उष्णतेत गळती वाढते. चार स्टिक चिकटून बसलेल्या, व्होल्टेज चढवलेलं, वरून प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर चौघींचा भार. जानेवारीत जेमतेम पुरत होतं ते मे महिन्यात पुरलं नाही. कॉपी करताना प्रत्येक फोटो याच रॅममधून जातो. जेपेगमध्ये एक बिट फिरला की त्याच्यापुढचं सगळं वाचणं चुकतं, म्हणून खालचा भाग जांभळा.

"पण एक्सएमपी म्हणजे काही ओव्हरक्लॉकिंग नाही," असं मला लोक अजून ऐकवतात. आहे. डीडीआर४चं, म्हणजे या पिढीच्या रॅमचं, जेडेक या संस्थेने ठरवलेलं मानक ३२०० आणि १.२ व्होल्टला संपतं. एका क्लिकमध्ये होतं म्हणून ते दुसरं काही होत नाही.

मी भीती घालते असंही म्हणतात. मी १९९८च्या सेलेरॉन ३००ए या इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरवर वाढलेली मुलगी आहे. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झचा १०० केला की ३००चा प्रोसेसर ४५०वर पळायचा, आणि ज्या घरात महागडा पेंटियम येणं शक्य नव्हतं तिथे तो वेग फुकट यायचा. तेव्हाची मी आज समोर बसली तर म्हणेल, पडत नाही ना, मग झालं. फोटो गेले हा बॅकअपचा प्रश्न आहे, क्लॉकचा नाही. मी तिला सांगेन की बिघडलेल्या फाइलचा बॅकअप बिघडलेलाच निघतो. ती म्हणेल, नुसता गेमचा पीसी असेल तर? तर ठीक, मान्य. पण नुसता गेमचा पीसी मी मराठी घरात फारसा पाहिलेला नाही. त्याच मशीनवर बाबांचे सातबाराचे स्कॅन असतात.

मग ती विचारेल, "काही बिघडलं की तू सगळ्यांना सांगतेस ते 'आधी डिफॉल्टवर, म्हणजे मूळ सेटिंगवर आण' तरी कितपत खरं?" आणि इथे मी अडते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचं २०२४मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गेम सांगायचे व्हिडिओ मेमरी संपली, आणि दोष निघायचा प्रोसेसरचा. कित्येकांनी कशाला हातही लावलेला नव्हता. बऱ्याच बोर्डांची डिफॉल्ट पॉवर लिमिटच इंटेलच्या शिफारशीहून सैल होती, शिवाय मायक्रोकोडच, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्रामच, जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. म्हणजे डिफॉल्टचीही खात्री नाही. तरी मी तेच सांगते, कारण तुलनेला एक ठिकाण लागतं. डिफॉल्टवरही पडत असेल तर आपल्या आकड्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

माझं स्वतःचं मशीन आजही ओव्हरक्लॉक केलेलं आहे. कर्व्ह प्रत्येक कोअरला वेगळा, दोन कोअर शून्यावर, आणि सगळी तपासणी मे महिन्यात, दुपारी. त्याला मी स्टेबल म्हणत नाही. अजून चूक सापडलेली नाही, एवढंच म्हणते.

मामेभाऊ आता रॅम २६६७वर ठेवून काम करतो. कॉपी झाली की कार्ड काढून पुन्हा लावतो, हॅश जुळवतो, मगच फॉरमॅट करतो. एक्सपोर्टला वेळ जास्त लागतो, त्याची कुरकुर चालू असते. दोन स्टिक काढल्या तर ३२०० सहज मिळेल असं मी म्हणते, पण त्याच्या व्हिडिओंना ६४ जीबी लागतात. तो म्हणतो थंडीपुरतं ३२०० करू, मी नाही म्हणते. यावर आमचं अजून जमलेलं नाही.